जेकार्डला ‘नाही’: कुठला इंग्रजी शब्द किती पोरांना माहितीय हे मोजायला गेलो त्याची गोष्ट

पार्श्वभूमी

सोलापूरच्या पूर्व भागातला एक स्पोकन इंग्लिशचा क्लास. नाव, गल्ली, पोरांची नावं काहीच देत नाही. मी तिथं संध्याकाळी दोन बॅच घेतो, आणि मला एक्सेल येतं असा एकदा बोभाटा झाल्यामुळं असली सगळी कामं माझ्याच गळ्यात पडतात.

इथली पोरं कशी आहेत ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. घरात तेलुगू, शाळा मराठी, कट्ट्यावर मराठी-हिंदी मिसळ, आणि शेजारी कुणीतरी कन्नड बोलणारं असतंच. कुणाच्या घरात खाली यंत्रमाग आणि वर राहायला, कुणाचे वडील चादरीच्या नाहीतर टॉवेलच्या कारखान्यात, कुणाची आई विड्या वळते. राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झालं, म्हणजे या सगळ्यांनी दहा-दहा वर्षं इंग्रजीचा पेपर दिलेला आहे. पण ‘तुझं नाव काय’च्या पुढं गाडी गेली की घशाला कोरड पडते.

क्लासच्या मॅडमकडं एक जुनी झेरॉक्स पुस्तिका होती, ‘महत्त्वाचे ३००० शब्द’ छापाची. कुठल्यातरी वारंवारतेच्या यादीवरून केलेली, म्हणजे इंग्रजी मजकुरात जे शब्द जास्त वेळा येतात ते आधी. पहिली पन्नास-साठ पानं पोरांना येत असलेलीच, आणि नंतर एकदम असे शब्द की पोरं हळूच मागच्या बाकावर सरकतात आणि पुढच्या महिन्यात फी द्यायला येत नाहीत. मॅडम म्हणाल्या आपण आपली ६०० शब्दांची पुस्तिका काढू. मी म्हटलं काढू की, पण कुठले ६००?

अडचण

मॅडमचा अंदाज आणि माझा अंदाज जुळत नव्हता हीच खरी अडचण. आम्ही दोघांनी शंभर शब्दांवर वेगवेगळ्या खुणा केल्या, ‘पोरांना येतो’ आणि ‘येत नाही’, आणि जवळपास एक तृतीयांश शब्दांवर आमचं भांडण झालं. ‘स्टेपनी’ त्यांनी ‘येत नाही’त टाकला होता. अहो मॅडम, रिक्षावाल्याच्या घरचं पोरगं आहे, स्टेपनी येणार नाही त्याला? (हा शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून आलाय, तिथं एक कंपनी जादाची चाकं बनवायची. आता जगभरचे इंग्रजी बोलणारे तो बऱ्यापैकी विसरले आणि आपण धरून बसलोय.)

म्हणजे शिकवणाऱ्याचा अंदाज हे मोजमाप नाही. आपल्याला जो शब्द येतो तो सगळ्यांनाच येतो असं वाटतं, आणि जो आपण उशिरा शिकलो तो सगळ्यांना अवघड वाटतो.

कोणकोणते पर्याय होते

पहिला पर्याय, वारंवारतेचीच यादी पण चांगली घ्यायची. हा रस्ता जुना आहे. अमेरिकेत थॉर्नडाइकनं १९२१ साली मजकूर मोजून १०,००० शब्दांची यादी काढली, आणि मायकेल वेस्टची २,००० च्या आसपास शब्दांची यादी १९५३ ची. हा वेस्ट ढाक्यात शिकवायचा, म्हणजे आपल्याकडच्याच पोरांना इंग्रजी वाचायला शिकवण्यातून त्याचं बरंचसं काम उभं राहिलं. याद्या चांगल्या आहेत, पण त्या शब्द किती वेळा छापला जातो ते सांगतात, किती जणांना माहितीय ते सांगत नाहीत. शार्पनर घ्या. वर्तमानपत्रात शार्पनर वर्षाकाठी किती वेळा येणार? आणि शार्पनर न येणारं पहिलीतलं पोरगं दाखवा मला.

दुसरा पर्याय मला नेटवर सापडला आणि मी लई खूश झालो. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या मार्क ब्रिसबार्ट आणि त्यांच्या टीमनं नेमकं हेच मोजलंय, शब्द किती लोकांना माहितीय ते. २०१९ साली त्यांनी ६२,००० इंग्रजी शब्दांचे आकडे काढले, ऑनलाइन चाचणीतून, २ लाख २० हजारांवर लोक. पद्धत साधी होती. एका चाचणीत शब्दासारखे दिसणारे शंभर अक्षरगट दाखवायचे, त्यातले ६७ खरे शब्द आणि ३३ खोटे, म्हणजे इंग्रजीसारखे दिसणारे पण नसलेले, आणि माणसानं फक्त ‘माहितीय’ की ‘नाही’ सांगायचं. खोट्याला ‘माहितीय’ म्हटलं की मार्क कापले. आकडे सगळ्यांना फुकट उतरवून घेता येतात, मी त्याच रात्री घेतले.

सकाळी मॅडमना दाखवले तर त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘हे लोक कुठले?’ उत्तर होतं, अमेरिका आणि ब्रिटनमधले, आणि ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे तेवढेच धरलेले. झालं. त्यांच्या आकड्यांत पुरुष आणि बायकांमध्येसुद्धा फरक निघतो, सोलेनॉइड (तारेची गुंडाळी, वीज सोडली की चुंबक होते ती) पुरुषांना जास्त माहिती आणि टॅफेटा (एक चकचकीत कापड) बायकांना. एकाच भाषेत एवढा फरक, मग अशोक चौकातल्या पोराला लंडनच्या माणसाचा आकडा लावून काय उपयोग? ‘जायंट व्हील’ आमच्या पोरांना गड्ड्याच्या जत्रेमुळं दुसरीतच कळतं, अमेरिकेतला माणूस त्याला वेगळंच नाव घेतो. ‘मार्शल लॉ’, म्हणजे लष्करी कायदा, म्हटलं की सोलापूरचं पोरगं इथं तो लागला ते १९३० साल सांगतं आणि चार हुतात्म्यांची नावं घेतं, दुसऱ्या गावातलं त्याच वयाचं पोरगं तोंडाकडं बघेल.

तिसरा, पर्यायी प्रश्न. अमेरिकेत डेल आणि ओरूर्क यांनी तीन-तीन पर्याय देऊन चाळीस हजारांवर शब्दार्थ तपासले होते, चौथीपासून कॉलेजपर्यंत. पण त्यात तीनातला एक तर तुक्क्यानंही बरोबर येतो, आणि चांगले चुकीचे पर्याय काढणं हे शब्द शिकवण्यापेक्षा जास्त काम आहे.

चौथा, सरळ मराठीत अर्थ लिहायला लावायचा. मॅडमचा कल याकडं होता. पण यात एक गंमत आहे जी मला एका पोरीनं दाखवली. तिला शब्द येत होता, तेलुगूत फटकन सांगितला, मराठीत काय म्हणतात ते आठवेना. मग आपण इंग्रजी मोजतोय का मराठी?

निर्णय पहिला: हो-नाहीचा पेपर

शेवटी गेंटची पद्धत घ्यायची, आकडे आपले काढायचे असं ठरलं. एका पेपरात ४० खरे शब्द आणि २० खोटे. हे प्रमाण आम्ही लेक्सटेल नावाच्या छोट्या चाचणीवरून घेतलं (२०१२ ची, परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीची), कारण आमची पोरं साठाच्या पुढं गेली की खिडकीतून बाहेर बघतात.

आता हिशेब. माझ्या उत्साहात मी म्हटलं ६०० शब्द तपासू. ६०० भागिले ४०, म्हणजे १५ वेगवेगळे पेपर. पोरं पाच बॅच मिळून दीडशेच्या आसपास, प्रत्येकानं दोन पेपर दिले तरी ३००, म्हणजे एकेक शब्द फक्त २० पोरांनी बघितलेला. वीस पोरांत निम्म्यांना शब्द आला तर खरा आकडा २८ टक्के पण असू शकतो आणि ७२ टक्के पण. ते मोजणं नव्हे, नाणं उडवणं झालं. गेंटवाल्यांकडं एकेका शब्दाला सरासरी ३८० च्या वर उत्तरं होती.

म्हणून शब्द कमी करून २०० केले. पाच पेपर, एका शब्दाला ६० उत्तरं, चूक अधिक-उणे १३ टक्क्यांच्या आसपास. अजूनही ढोबळच, पण ‘बहुतेकांना येतो’, ‘निम्म्यांना येतो’, ‘कुणालाच येत नाही’ एवढं कळायला पुरतं. मॅडम नाराज झाल्या, ६०० चे २०० कसे काय. मी म्हटलं उरलेल्या ४०० चं आपण पूर्वीसारखं भांडून ठरवू.

पहिली फेरी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ठेवली होती, ते माझं डोकं. सिद्धेश्वरांची यात्रा, नंदीध्वज, गड्डा, निम्मी बॅच गायब. आलेली पोरं म्हणजे ज्यांना घरचे सोडत नाहीत ती, म्हणजे जरा अभ्यासूच. तेवढ्यांवर मोजलं असतं तर सगळे शब्द उगाचच सोपे दिसले असते. ते पेपर बाजूला ठेवले आणि यात्रा संपल्यावर सगळ्यांचे परत घेतले.

काय घडलं: खोट्या शब्दांचा घोळ

पहिल्याच दिवशी एका पठ्ठ्यानं साठच्या साठ शब्दांना ‘माहितीय’ केलं. खरे १०० टक्के, खोटे १०० टक्के, वजाबाकी शून्य. विचारलं का रे बाबा, तर म्हणतो, ‘मॅडमच सांगितल्यात की ओ सर, इंटरव्ह्यूत नो म्हणायचं नाही.’ पुढच्या बॅचला मग आधीच सांगितलं की यात खोटे शब्द आहेत, मार्क कापतो. त्यानं दुसरं टोक गाठलं, दोन-तीन पोरी इतक्या घाबरल्या की येणाऱ्या शब्दांनाही ‘नाही’ करून मोकळ्या झाल्या.

खोटे शब्द बनवणं हे वाटतं तितकं सोपं नाही हो. गेंटवाल्यांनी त्यासाठी वगी नावाचं सॉफ्टवेअरच केलंय, २०१० पासून आहे. मी मात्र चहा पीत पीत हातानं बनवले. ‘मार्केट’मधलं शेवटचं अक्षर बदललं की झाला खोटा शब्द, असं. पोरांनी घाईत तो मार्केट वाचला आणि ‘माहितीय’ केलं, यात लबाडी कसली, वाचायची सवय आहे ती. तसले सहा-सात काढून टाकावे लागले.

आणि एक तर माझी फजितीच. खोट्या शब्दांत मी ‘टॉवेलिंग’ घातला होता. टॉवेलला आयएनजी लावलं, कुठं असतो असला शब्द? त्या पेपरात निम्म्याहून जास्त पोरांनी त्याला ‘माहितीय’ केलं. मी निकाल लावला की पोरं ठोकून देतात. वर नियम केला होता की ज्यानं खोट्यांपैकी सहापेक्षा जास्त शब्दांना ‘माहितीय’ केलं त्याचा पेपर बाद. पुढच्या आठवड्यात एका पोराचे वडील फी भरायला आले, टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला आहेत. सहज दाखवलं तर म्हणाले, ‘टेरी टॉवेलिंग. बिलावर असतंय की.’ डिक्शनरी उघडली, खरंच शब्द आहे, टॉवेलच्या कापडाला म्हणतात. पोरं बरोबर होती आणि पेपर काढणारा चूक. आणि माझ्या नियमानं जी पोरं सातव्या खोट्या शब्दामुळं बाद झाली त्यातल्या काहींचा सातवा हाच होता.

काय घडलं: जेकार्ड

दुसरी गोष्ट याहून मोठी. दोनशे शब्दांत मी मुद्दाम मागाच्या कामातले सात-आठ टाकले होते. बॉबीन, शटल, बीम, जेकार्ड (कापडात नक्षी विणायला मागावर बसवतात ते यंत्र) वगैरे. माझी खात्री होती की बाहेरच्या यादीत हे अवघड असतील पण आमच्याकडं शंभर टक्के येतील. आले कसे? बीम बरा, शटल निम्म्यांना, आणि जेकार्डला जवळपास सगळ्यांनी ‘नाही’.

एका पोराला बाजूला घेतलं, ज्याच्या घरात माग आहेत हे मला माहिती होतं.

‘जेकार्ड माहिती नाही तुला?’

‘आमच्या घरातच दोन हायत की ओ सर.’

‘मग नाही का केलास बे?’

त्यानं पेपर परत बघितला, जे-ए-सी-क्यू-यू-ए-आर-डी, आणि हसायलाच लागला. ‘हे जेकार्ड हाय व्हय? मी जॅकक्वार्ड वाचलो. म्हटलं हा खोटा असणार.’

लहानपणापासून त्या मशिनचा आवाज ऐकत झोपलेलं पोरगं, आणि माझ्या एक्सेलमध्ये त्याला तो शब्द येत नाही. त्याचा काय दोष, फ्रान्समधल्या जोसेफ मारी जॅकार्डनं १८०४ च्या सुमाराला ते यंत्र केलं आणि त्याच्या आडनावाचं फ्रेंच स्पेलिंग त्याला चिकटून राहिलं. पण मुद्दा स्पेलिंगचा नव्हताच. माझा पेपर शब्द माहितीय का ते मोजत नव्हता, छापलेला शब्द ओळखता येतो का ते मोजत होता. इंग्रजी वाचत मोठं झालेल्या माणसाच्या बाबतीत या दोन गोष्टी साधारण एकच असतात, त्यामुळं गेंटला ते चाललं. आमच्या पोरांकडं अर्धं इंग्रजी कानातून आलंय, कारखान्यातून, गॅरेजमधून, मोबाइलच्या दुकानातून, दवाखान्यातून.

निर्णय दुसरा: ऐकवून परत घ्यायचं

मॅडमचं म्हणणं पडलं की झालं तेवढं बास, परीक्षा जवळ आल्यात. माझं म्हणणं, अर्धवट आकड्यांवर पुस्तिका काढली तर जुनीच बरी. दोन दिवस आमचं नीट बोलणं नव्हतं. शेवटी तोडगा असा निघाला की दोनशेपैकी ज्या शब्दांना छापील पेपरात निम्म्यांपेक्षा कमी ‘माहितीय’ मिळालं तेवढेच ऐकवायचे. ते नव्वदच्या आसपास निघाले. मी शब्द दोनदा म्हणायचा, आपल्याकडं म्हणतात तसा, पोरांनी कागदावर बरोबर किंवा फुली. मधेमधे खोटेही, या वेळी मॅडमनी आणि त्या टॉवेलवाल्या काकांनी तपासलेले.

जोडीला वीस शब्दांची तोंडी तपासणी केली, बॅचमागे चार-पाच पोरं, ‘हो म्हणालास ना, मग सांग कुठल्याही भाषेत’. तेलुगूत सांगितलेलं मॅडम तपासायच्या. इथं वेगळीच लडतर. हॉटेल सगळ्यांना माहितीय, पण आमच्याकडं हॉटेल म्हणजे भजी-चहा मिळतो ते, राहायची जागा म्हणजे लॉज. बीम म्हणजे सुताचा मोठा रूळ, उजेडाचा झोत हा अर्थ एकालाही नाही. डेंजर म्हणजे ‘लई भारी’. हो-नाहीच्या पेपरात हे काहीच दिसत नाही, सगळीकडं आपलं ‘माहितीय’.

निकाल काय लागला

शब्दांचे तीन ढीग पडले. बघूनही ओळखतात ते पुस्तिकेतून सरळ बाहेर, जुन्या पुस्तिकेची सुरुवातीची पानं यातच गेली. ऐकून ओळखतात पण छापलेलं ओळखत नाहीत, हा ढीग आमच्या दोघांच्याही अंदाजापेक्षा बराच मोठा निघाला, त्या नव्वदातले तिसाच्या वर. याला शब्द शिकवायची गरजच नाही, फक्त स्पेलिंग दाखवायचं, एका तासात वीस-वीस शब्द उडतात आणि पोरं खूश, कारण ‘अरे हे तर मला येतंय’. कॉलर, शेड्यूल, गॅरेज, रिसीट, सगळे यात.

तिसरा ढीग दोन्हीकडून न येणाऱ्यांचा. इथं मात्र वारंवारतेची यादी परत बाहेर काढली, जिच्या नावानं आम्ही बोटं मोडत होतो. न येणारा शब्द छापात वारंवार येत असेल तर तो आधी शिकवायचा, क्वचित येत असेल तर राहू दे. आणि हॉटेल-बीमसारख्या शब्दांना शेवटी एक वेगळं पान, मॅडमनी त्याला नाव दिलं ‘ओळखीचे पण दुसरेच’.

पुस्तिका शेवटी साधारण चारशे शब्दांची झाली. पोरं टिकतात का, तर या बॅचची टिकली आहेत, पण त्याच महिन्यात मॅडमनी फी दोन हप्त्यांत केली, त्यामुळं पुस्तिकेनं टिकली असं छातीठोक सांगणार नाही.

परत केलं तर काय वेगळं करीन

ऐकवून आधी, छापील नंतर. उलटं केल्यामुळं दुसऱ्या फेरीत काही पोरांना शब्द आठवत होते आणि ‘सर हा परवा आला होता’ असं बोलून दाखवत होती, त्यांचं ‘माहितीय’ किती खरं देव जाणे.

बाद करायचा नियम मी पेपर तपासताना केला, तो आधी करायला पाहिजे होता. आणि त्याहून वाईट म्हणजे बाद झालेले बहुतेक पेपर सगळ्यात कच्च्या बॅचचे होते. ज्यांना कमी येतं तेच गाळले, मग उरलेल्यांवरून शब्द सोपे दिसणारच. आज केलं तर पेपर बाद करणार नाही, त्या पोराला शेजारी बसवून परत समजावीन आणि परत घेईन. वेळ जातो, जाऊ दे.

खोटे शब्द एकट्यानं बनवायचे नाहीत. ज्या गावात मोजायचंय तिथल्या कामधंद्यातल्या दोन माणसांना दाखवायचे, कारखान्यातला एक आणि दवाखान्यातला किंवा गॅरेजमधला एक. शिक्षकांना दाखवून उपयोग नाही, आम्हाला आमचेच शब्द दिसतात.

एका गोष्टीवर अजून आमचं एकमत नाही. मॅडम म्हणतात मशिन दाखवता येणं म्हणजे शब्द येणं नव्हे, वाक्यात वापरता आला तर येतो. मी म्हणतो ती पुढची पायरी आहे, आपण ओळख मोजली, वापर नाही.

मध्यंतरी जुळे सोलापूरच्या एका क्लासवाल्यांनी पुस्तिकेची कॉपी मागितली. तिकडची पोरं निम्मी इंग्लिश मीडियमची, आईवडील नोकरीवाले. मॅडमनी पुस्तिका काही दिली नाही. पाची पेपर कोरे करून दिले, टॉवेलिंग खऱ्या शब्दांत घालून.